फौजेचा ट्रक, परके इंजिन

वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीचा चिखल ज्याने पाहिला आहे, त्याला चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड, मानोरा, मंगरुळपीर या भागांत आषाढ-श्रावणात पांदण रस्त्याचा नुसता लगदा होतो. ट्रॅक्टर कसाबसा निघतो, पण साध्या मालवाहू टेम्पोची मागची चाके जागच्या जागी फिरत राहतात. अशा मुलखात फौजेतून निघालेला जुना ट्रक कुणाच्या नजरेत भरला, तर त्यात नवल नाही. शहरातल्या हौशी मंडळींना त्याची वेगळ्या कारणाने ओढ असते. २०१९ मध्ये महेंद्रसिंग धोनी रांचीच्या रस्त्यावर हिरवी जोंगा घेऊन निघाला, तेव्हापासून ही ओढ वाढली.

विक्रीची जाहिरात मात्र दोघांच्याही वाट्याला बहुधा एकाच छापाची येते. ‘मिलिटरी डिस्पोजल, फोर बाय फोर, डिझेल इंजिन बसवलेले, चालू स्थितीत.’ यातले ‘डिझेल इंजिन बसवलेले’ हे तीन शब्द विकणारा गुण म्हणून सांगतो आणि घेणाराही बहुतेक वेळा तसेच समजतो. प्रत्यक्षात सगळा व्यवहार ज्यावर तरतो किंवा बुडतो, ते हेच तीन शब्द होत.

‘डिस्पोजल’ हा शब्द आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धानंतर रुळला. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी आणलेल्या दोस्तराष्ट्रांच्या जीपगाड्या आणि ट्रक युद्ध संपल्यावर नकोसे झाले आणि मोठ्या प्रमाणावर विक्रीला निघाले. अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या होत्या. त्यांतल्या काही भारतात राहिल्या आणि जंगलखात्यापासून मळेवाल्यांपर्यंत अनेकांच्या दारी गेल्या. आज विक्रीला दिसणारे ट्रक मात्र बहुतांशी त्यानंतरच्या पिढीचे, देशातच बांधलेले असतात. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरच्या तोफगाडा कारखान्यातून १९५९ साली पहिला ‘शक्तिमान’ बाहेर पडला. पुढे जबलपुरात वाहनांचा स्वतंत्र कारखाना झाला आणि शक्तिमानचे उत्पादन १९९६ पर्यंत चालू राहिले. त्याच्या जोडीला निस्सान कंपनीच्या परवान्याने बनलेला एक टनी ट्रक आणि १९६९ पासून जोंगा होती. जोंगा हे नाव जपानी वाटते, पण ते जबलपूरच्या कारखान्याच्या इंग्रजी नावातल्या आद्याक्षरांवरून पडले आहे. पुलगावचे दारूगोळा भांडार किंवा कामठीचे गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र ज्यांच्या वाटेवर आहे, त्या विदर्भातल्या मागच्या पिढीने या गाड्यांचे ताफे पाहिलेले आहेत.

इंजिन का बदलले जाते?

निस्सानचा एक टनी ट्रक आणि जोंगा या दोन्हींत सहा सिलिंडरचे ३९५६ सीसीचे पेट्रोल इंजिन असे. फौजेच्या दृष्टीने ते उत्तम होते. थंडीत चटकन सुरू होणारे, आवाजाला मऊ, चढाला न दमणारे. खासगी मालकाच्या हाती आल्यावर मात्र ते घर बुडवणारे ठरते. लिटरमागे चार-पाच किलोमीटर चालणारी गाडी पेट्रोलवर पोसणे शेतकऱ्याला १९८० मध्येही परवडत नव्हते. पेट्रोलने शंभरी ओलांडल्यावर तर तो विषयच संपला. शिवाय कार्बुरेटर, डिस्ट्रिब्युटर, वॉटर पंप यांचे सुटे भाग बाजारात सहज मिळत नाहीत. मग गावच्या मिस्त्रीने जे हाताशी होते ते बसवले. मॅटाडोरचे मर्सिडीजच्या घडणीचे डिझेल इंजिन, जीपसाठी महिंद्राने आणलेले प्यूजोचे २११२ सीसीचे इंजिन, लेलँडचे हिनो, टाटाचे कुठले तरी, ज्याला जे लाभले ते. शक्तिमान मुळातच डिझेलवर चालणारा. पण त्याचे उत्पादन थांबल्यावर मानच्या इंजिनाचे भाग दुर्मीळ झाले आणि त्याच्याही पोटात टाटा-लेलँडची इंजिने गेली.

या अदलाबदलीला सरसकट नावे ठेवणे योग्य नव्हे. जुन्या गाड्यांचे शुद्धतावादी चाहते परक्या इंजिनाचे नाव काढताच तोंड वाकडे करतात. परंतु ही इंजिने बसली नसती, तर यांतले बहुसंख्य ट्रक तीस वर्षांपूर्वीच गॅस कटरखाली गेले असते. परक्या इंजिनाने ट्रक जगवला, हे खरेच आहे. मात्र जगवताना त्याची ओळख पुसली, हेही तितकेच खरे आहे. आणि कायदा ओळखीचा हिशेब मागतो.

‘बदललेले इंजिन’ या शब्दाचे दोन अगदी भिन्न अर्थ होतात, हे येथे आधी ध्यानात घ्यावे. फौजेच्या स्वतःच्या कार्यशाळांत गाडी ठरावीक काळाने पूर्ण उघडली जाते. त्या वेळी एका गाडीचे थकलेले इंजिन काढून त्याच जातीचे, दुरुस्त करून ठेवलेले दुसरे इंजिन बसवण्याची पद्धत असते. त्यामुळे कारखान्यातून निघताना असलेला इंजिन क्रमांक आणि निवृत्तीच्या वेळचा क्रमांक वेगळा असणे हा फौजेच्या गाडीत दोष मानला जात नाही. विक्रीच्या प्रमाणपत्रावर निवृत्तीच्या वेळचा क्रमांक लिहिलेला असला आणि तोच क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असला, की काम भागते. दुसरा अर्थ मिस्त्रीच्या हातचा आहे. निस्सानच्या जागी मॅटाडोर, मानच्या जागी टाटा. जाहिरातीत दोन्हींना एकच शब्द वापरला जातो. घेणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की बदलले ते कुणी, केव्हा, आणि कुठल्या कागदावर?

‘केव्हा’ला इतके महत्त्व का?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनातील फेरफारांविषयी आहे. मुळात त्याचा रोख परवानगीवर होता. मालकाने परिवहन कार्यालयाला कळवावे, मंजुरी घ्यावी आणि बदल नोंदणी पुस्तकात चढवून घ्यावा, अशी ती व्यवस्था होती. ऑगस्ट २००० मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने हे चित्र पालटले. उत्पादकाने मुळात जो तपशील दिला, त्याच्याशी नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील विसंगत ठरेल असा बदल मालकाने करूच नये, असे आता कलम म्हणते. सवलत आहे ती वेगळ्या इंधनासाठी मंजूर संच बसवण्याची, म्हणजे गॅस, बॅटरी वगैरे. भंगार बाजारातून आणलेले मॅटाडोरचे इंजिन हा असा संच होत नाही. दहा किंवा त्याहून अधिक वाहतूक वाहने बाळगणाऱ्याला पूर्वमंजुरीविना इंजिन बदलू देण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकते, पण तीही ‘त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे’ इंजिन असेल तर. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ ठामपणे मांडला आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करता येणार नाही, असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की १९९५ साली बसवलेले आणि त्याच वेळी नोंदणी पुस्तकात रीतसर चढवलेले डिझेल इंजिन ही एक गोष्ट झाली. २०१० साली बसवून पुस्तकात अजूनही ‘पेट्रोल’च असलेले इंजिन ही सर्वस्वी दुसरी. दोन्ही ट्रक शेजारी उभे केले, तर रंग, आवाज, धूर यांत काडीचा फरक दिसणार नाही. किंमत मात्र एकाची ट्रकची आणि दुसऱ्याची लोखंडाची. ‘नंतर करून घेऊ, एजंट ओळखीचा आहे’ या वाक्यावर विसंबून ट्रकची किंमत लोखंडाला देणारे लोक कमी नाहीत.

‘मग व्हिंटेज म्हणून नोंदवू’ हाही एक आवडता आधार. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले, हे खरे. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकी गाड्यांना वीस हजार रुपये शुल्कात दहा वर्षांची नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरे असलेला खास क्रमांक मिळतो. पुढचे नूतनीकरण पाच हजारांत होते. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात राखलेली असावी, तिच्यात मोठा फेरफार झालेला नसावा. परके इंजिन हा मोठा फेरफार नव्हे, असे म्हणायला कुणी धजावणार नाही. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती इतपतच मुभा. म्हणजे सोयाबीनची पोती वाहण्याचा विचार असेल, तर व्हिंटेजचा मार्ग बंद. आणि हौसेसाठी व्हिंटेज हवी असेल, तर परक्या इंजिनाने तो बंद. डिझेल इंजिनाचा निस्सान असा दोन्ही दारांच्या मधल्या उंबऱ्यावर अडकतो.

फौजेतून बाहेर येण्याचे कागद

फौजेच्या गाड्यांची नोंदणी आपल्या परिवहन कार्यालयात होत नाही. कायद्याच्या ६० व्या कलमानुसार संरक्षण खात्याची ती स्वतंत्र व्यवस्था आहे. म्हणून त्यांच्या पाट्या वेगळ्या. आधी वर टोक असलेला बाण, मग गाडी दाखल झाली त्या सालाचे दोन आकडे, नंतर वर्गाचे अक्षर, क्रमांक आणि शेवटी आणखी एक अक्षर. जुन्या फोटोत किंवा रंगाच्या थराखाली ही पाटी सापडली, तर बाणानंतरच्या दोन आकड्यांवरून गाडीचे वय समजते. विकणारा ‘पासष्टच्या लढाईतली’ म्हणत असेल आणि बाणापुढे ८१ असेल, तर पुढचे संभाषण आपोआप आटोपते. (लढाईत गेलेल्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांची संख्या पाहता, त्या लढायांत पायदळ नावाला तरी होते की नाही, अशी शंका यावी.)

गाडी केंद्र सरकारच्या मालकीतून गेली, की तिला सामान्य नोंदणीची कलमे लागू होतात. लिलाव हल्ली मुख्यतः सरकारी मालकीच्या एमएसटीसीमार्फत ऑनलाइन होतात, ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर. घेणाऱ्याला नोंदणीसाठी लागतो तो विक्रीचा मूळ दाखला. निवृत्त फौजी वाहनासाठी नोंदणी अर्जासोबत संबंधित लष्करी अधिकाऱ्यांचा मूळ विक्री दाखला जोडावा, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतच सांगितले आहे. छायाप्रत चालत नाही. हा कागद हरवला, की ट्रक नोंदणीच्या दृष्टीने जन्मलाच नाही. लिलावात अनेकदा गाड्यांचे लॉट भंगार म्हणून विकले जातात. भंगार म्हणून घेतलेल्या गाडीला पुन्हा रस्त्यावर आणण्याचा हक्क त्या खरेदीतून मिळत नाही. दोन-तीन भंगार ट्रकांतून एक चालता ट्रक उभा करणारे कसबी मिस्त्री आहेत. त्यांच्या हातच्या गाडीत चासी एकीची, कागद दुसरीचे आणि इंजिन तिसरीचे असू शकते.

वाशीममधला ग्राहक बहुधा लिलावात उतरत नाही. त्याच्यापर्यंत ट्रक तिसऱ्या-चौथ्या हाताने पोचतो. जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, त्यामुळे तिथल्या जुन्या वाहनांवर वाशीमच्या एमएच ३७ ऐवजी अकोल्याचा एमएच ३० दिसला, तर बिचकू नये. गाडी पंजाब-हरियाणाकडून आलेली असेल, तर अधिक सावध असावे. हरियाणातील मंडी डबवाली हे जुन्या जीपगाड्या सांधून-जोडून विकण्याचे देशभर माहीत असलेले ठिकाण आहे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या जुन्या गाड्या इतर राज्यांत विकण्याकडे कल आहे. परराज्यातल्या गाडीला तिथल्या कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, आणि ती बारा महिन्यांहून अधिक काळ महाराष्ट्रात राहणार असेल, तर इथला क्रमांक घ्यावा लागतो. त्या वेळी निरीक्षक चासी आणि इंजिनाचे क्रमांक प्रत्यक्ष ताडून पाहतो. पंजाबात वीस वर्षे झाकून राहिलेली गोष्ट वाशीमच्या मैदानावर पाच मिनिटांत उघडी पडते, आणि तोवर पैसे देऊन झालेले असतात.

म्हणून ट्रक पाहायला जाताना मिस्त्रीच्या आधी सोबत न्यावे ते तारेचा ब्रश, रॉकेलचा बोळा आणि बॅटरी. चासीच्या पट्टीवरचा क्रमांक घासून वाचावा. आजूबाजूला वेल्डिंगचा ओघळ, खरवडल्याची खूण किंवा ओळीबाहेर पडलेला आकडा आहे का, ते पाहावे. नंतर इंजिनाच्या ब्लॉकवरचा. मग दोन्ही क्रमांक नोंदणी पुस्तकाशी आणि परिवहन खात्याच्या ऑनलाइन नोंदीशी जुळवावेत. पुस्तकातला इंधनाचा रकाना वाचायला बहुतेक जण विसरतात. नेमकी तीच ओळ परक्या इंजिनाची चुगली करते. विम्याची पॉलिसीही मागून घ्यावी. तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहेच; पण अपघातानंतर कागदावर एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरे निघाले, तर कंपनीशी वाद अटळ आणि भरपाईचा बोजा मालकाच्या शेतीवर येण्याची भीती खरी. बारा-चौदा मजूर मागे बसवून शेतावर निघालेल्या ट्रकाच्या बाबतीत ही भीती किती मोठी आहे, हे सांगायला नको.

बॉनेटखाली

कागद जुळले, तरच पुढचा तपास करण्यात अर्थ आहे. परके इंजिन नुसते बसले म्हणजे जमले असे होत नाही. पेट्रोल इंजिन जास्त फेऱ्यांवर काम करते, डिझेल कमी. गिअर आणि मागचे दात मूळचेच ठेवले, तर ट्रक ओढायला दणकट वाटतो, पण हमरस्त्यावर ताशी पन्नासच्या पुढे जाताना रडू लागतो. समृद्धी महामार्ग वाशीम जिल्ह्यातूनच गेला असला, तरी हा ट्रक तिकडे नेण्याचा मोह न धरलेला बरा.

इंजिन आणि गिअर बॉक्स यांच्यामध्ये मिस्त्री एक जाड जोडप्लेट बसवतो. तिची भोके केसभर जरी चुकली, तरी क्लच प्लेट आणि गिअर बॉक्सच्या बेअरिंगा वर्षा-दीड वर्षात खलास होतात. क्लच दाबून-सोडून ऐकावे. गिअर बॉक्सचा आवाज बदलत असेल, तर कारण बहुधा इथेच सापडते. जड डिझेल इंजिनाने पुढच्या पाट्यांवर भार येतो, आणि त्याची थरथर फौजेच्या जुन्या सांगाड्यातल्या रिव्हेटा सैल करते. इंजिन थोडे मागे किंवा वर बसवले असेल, तर प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि फोर व्हील घालताच खालून खडखड सुरू होते. विकणारा चाचणी नेहमी टू व्हीलवर, सपाट डांबरीवर देतो. आपण ती नांगरलेल्या वावरात, फोर व्हील घालून मागावी. जमीन ओली असेल तर अधिक उत्तम.

सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत धोक्याची जागा म्हणजे ब्रेक. पेट्रोल इंजिन हवा ओढताना जी पोकळी तयार करते, तिच्यावर ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम चालतो. डिझेल इंजिनात तशी पोकळी तयार होत नाही. तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. घाईत इंजिन बदलणारा हा पंप गाळतो, नळी बंद करून टाकतो, आणि दोन टन ओझे घेतलेला ट्रक उतारावर नुसत्या पायाच्या बळावर थांबवायची वेळ येते. इंजिन बंद करून चार-पाच वेळा ब्रेक दाबावा, मग पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले, तर मदत पोचते आहे. दगडासारखे राहिले, तर ट्रक घरी चालवत नेऊ नये.

मूळचे पेट्रोल इंजिन शाबूत असलेला ट्रक मिळाला, तर तो या सगळ्या कटकटींतून सुटतो, पण त्याची खोड निराळी. आता पंपावर सर्रास मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने पन्नास वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्या आणि कार्बुरेटरमधले पडदे मऊ पडून फाटतात. ते बदलून घेण्याचा खर्च फार नाही, पण तो विसरला तर आग लागण्याचा धोका मोठा. शिवाय मालवाहू म्हणून नोंदलेल्या जुन्या ट्रकाला दर वर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि जुन्या वाहनांची ही शुल्के २०२२ पासून बरीच वाढली आहेत. ट्रकाची किंमत ठरवताना पुढच्या पाच वर्षांचा हा आकडा आधीच वजा करावा.

सौद्याच्या शेवटी आणखी एक प्रश्न विचारायचा असतो आणि तो फार थोडे लोक विचारतात: काढलेले जुने इंजिन कुठे आहे? परके इंजिन बसवताना मूळ इंजिन फेकून न देता गोठ्याच्या मागे, ताडपत्रीखाली ठेवून देण्याची शेतकऱ्याची सवय असते. ते जाम झालेले असेल, पिस्टन गंजले असतील, वरचे अर्धे भाग गायब असतील. पण ब्लॉक अखंड असेल आणि त्यावरचा क्रमांक नोंदणी पुस्तकातल्या क्रमांकाशी जुळत असेल, तर कागद आणि लोखंड पुन्हा एक करण्याची वाट शिल्लक राहते. असा ब्लॉक सौद्यात फुकट मागून घ्यावा, आणि विकणारा वजनावर पैसे मागत असेल, तर भंगाराच्या भावाने ते देऊन तो त्याच ट्रकात चढवून आणावा.